पैठणचा माल भडोचला का जात होता? : सातवाहनकालीन खुष्कीच्या मार्गांचा एक विचार

प्राचीन दख्खनच्या व्यापारी मार्गांचा विचार करताना तेर–पैठण–जुन्नर–नाणेघाट–कल्याण ही साखळी बहुधा गृहीत धरली जाते. नाणेघाटातील कोरीव पायऱ्या पाहता ते स्वाभाविकही आहे. (घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा होता असे सर्रास सांगितले जाते. तेथील नागनिकेच्या लेखात मात्र यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापणांची यादी आहे. जकातीचा शब्दही नाही.) तथापि इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत निराळे चित्र दिसते.

या ग्रंथानुसार पैठण हे बारिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, दक्षिणेस सुमारे वीस दिवसांच्या वाटेवर असून तगर तेथून पूर्वेस दहा दिवसांवर आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. पैठणहून अकीक-सुलेमानी वर्गातील खडे आणि तगरहून साधे कापड व मलमल हा माल गाड्यांतून, बव्हंशी वाट नसलेल्या प्रदेशातून, भडोचला उतरत असे. नकाशावर पैठणपासून कल्याण अंदाजे २३५ कि. मी., तर भडोच ३५० कि. मी. आहे. मग जवळचे बंदर सोडून माल दूर का जावा?

याचे उत्तर पेरिप्लसच देते. थोरल्या सारगनसच्या काळी कल्याण हे मान्यताप्राप्त बंदर होते. पुढे ते संदनेसच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापारास अडथळा झाला आणि चुकून तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. तथापि बंदर अडविणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा भाग घाटमाथ्यावरील शिलालेखांत सापडतो.

जुन्नरच्या मानमोडी लेण्यांत क्षहरात नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. नाशिक व कार्ले येथे नहपानाचा जावई ऋषभदत्त (उषवदात) याची दाने नोंदलेली आहेत. जुन्नर नाणेघाटाच्या, नाशिक थळघाटाच्या, तर कार्ले बोरघाटाच्या माथ्याजवळ आहे. सह्याद्रीचे तिन्ही प्रमुख दरवाजे एकाच सत्तेच्या प्रभावाखाली आले होते, असा निष्कर्ष यावरून निघतो. ही सत्ता केवळ अडवणूक करीत होती, असे मात्र नव्हे. ऋषभदत्ताने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे निवारे बांधले. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर सभा व पाणपोया उभारल्या. हे पुण्यकर्म म्हणून कोरले असले, तरी सोपारा ते भडोच या किनारपट्टीच्या वाटेवरील नद्यांचीच नावे यात प्रामुख्याने यावीत, हे लक्षणीय आहे. दानाची भाषा आणि मार्गाची व्यवस्था येथे वेगळी करता येत नाही.

नाशिकच्या लेखातील ठेवीची नोंद याहून बोलकी आहे. भिक्षूंसाठी दिलेल्या ३,००० कार्षापणांपैकी २,००० एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक, तर १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले होते. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. राजघराण्यातील व्यक्तीने आपली ‘अक्षयनीवी’ विणकरांच्या हाती सोपवावी, यावरून गोवर्धनच्या कापड व्यवसायाची पत ध्यानात येते. तगरच्या मलमलीचा विचार करताना या विणकरांनाही विसरता येणार नाही.

गौतमीपुत्र सातकर्णीने हे चित्र पालटले. त्याच्या अठराव्या राज्यवर्षातील नाशिक लेखात, पूर्वी ऋषभदत्ताच्या उपभोगात असलेले शेत भिक्षूंना दिल्याची आज्ञा लष्करी छावणीतून निघाली आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे सापडलेल्या नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचे ठसे पुन्हा उमटविलेले आहेत. नाणी वितळविली नाहीत. बाजारात तीच चांदी नव्या राजाच्या नावाने फिरली. इतिहासलेखनात हा संघर्ष वंशाभिमानाचा म्हणून रंगविला जातो, आणि गौतमी बलश्रीचा लेख त्यास दुजोराही देतो. परंतु घाट आणि बंदर यांचा हिशेब त्यात धरल्याशिवाय तो उलगडत नाही, असे वाटते. यानंतरच्या काळातील कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे पुन:पुन्हा आढळतात.