कॅथलिक प्राथमिक शाळा, महाराष्ट्रातील

रोमन कॅथलिक चर्चच्या धर्मप्रांताने, धर्मग्रामाने किंवा एखाद्या व्रतस्थ संघाने चालविलेली, सर्वसाधारणपणे सहा ते अकरा वर्षे वयाच्या मुलामुलींची शाळा. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारी वस्ती व तेथील श्रद्धावंतांचा समुदाय. असे अनेक धर्मग्राम मिळून बिशपच्या अधिकाराखालील धर्मप्रांत होतो. अन्य खाजगी शाळांच्या मानाने या शाळेचे वेगळेपण तिच्या अभ्यासक्रमात फारसे आढळत नाही, कारण पाठ्यपुस्तके व परीक्षा शासनाच्याच असतात. ते आढळते शाळा आणि धर्मग्राम यांच्या सांध्यात. चर्च, शाळा, भगिनींचा मठ आणि मैदान ही बहुधा एकाच आवारात असतात; धर्मगुरू शाळेचा व्यवस्थापक आणि मुख्याध्यापिका अनेकदा एखादी धर्मभगिनी असते. मात्र महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत या शाळेत शिकणारी बहुसंख्य मुले कॅथलिक नसतात. धर्मग्रामासाठी निघालेली शाळा धर्मग्रामाबाहेरच्या मुलांची झाली, तर ती कोणती मूल्ये कोणत्या मार्गाने देते, हा या संस्थेच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न होय.

प्राथमिक वयावर कॅथलिक चर्चने विशेष भर देण्यास संस्कारविषयक कारण आहे. पूर्वी यूरोपात मुले सामान्यतः दहा ते चौदा वर्षांच्या दरम्यान प्रथम ख्रिस्तप्रसाद ग्रहण करीत. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये काढलेल्या आज्ञापत्रानुसार ही मर्यादा सुमारे सात वर्षांवर, म्हणजे मुलाला बरेवाईट कळू लागण्याच्या वयावर, आणण्यात आली. त्यामुळे पापनिवेदन आणि पहिला कम्युनियन या दोन्ही विधींची तयारी प्राथमिक शाळेच्या वर्षांत येऊन पडली. तत्पूर्वी १८८४ मध्ये बॉल्टिमोर येथील धर्मसभेने अमेरिकेतील प्रत्येक धर्मग्रामाने दोन वर्षांत स्वतःची शाळा उभारावी, असा आदेश दिला होता. १९१७ च्या धर्मसंहितेने तर कॅथलिक मुलांना अन्य शाळांत घालण्यास सर्वसाधारणपणे मनाईच केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणविषयक जाहीरनामा स्वीकारला, तेव्हा हा सूर बदलला. स्वातंत्र्य व प्रेम यांच्या भावनेने भारलेले वातावरण हे कॅथलिक शाळेचे लक्षण ठरले आणि नव्या चर्चच्या प्रदेशांत कॅथलिकेतर मुलांना शिकविणाऱ्या शाळांचा विशेष आपुलकीने उल्लेख झाला. महाराष्ट्रातील शाळांना लागू पडते ते मुख्यत्वे हे दुसरे वर्णन.

पश्चिम किनाऱ्यावर या शाळेची मुळे पोर्तुगीज काळात आहेत. गोव्यात सोळाव्या शतकाच्या मध्यापासून चर्चला जोडून धर्मग्राम-शाळा निघाल्या. त्यांत धर्मतत्त्वे, वाचन-लेखन आणि मुख्य म्हणजे संगीत शिकविले जाई, कारण उपासनेला गाणारी व वाजविणारी मुले हवी असत. या शाळांचा एक अनपेक्षित परिणाम पुढे मुंबईत दिसला : विसाव्या शतकात हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याचे जे वादक भरले, त्यांच्यापैकी अनेकांनी स्वरलिपीचे पहिले धडे गावच्या धर्मग्राम-शाळेत गिरविले होते.

उत्तर कोकणात १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकली. सत्ता गेल्यावरही तेथील कॅथलिक समाज टिकून राहिला, तो स्थानिक धर्मगुरू आणि गावोगावची चर्चे यांच्या आधारावर. शेती, बागायती व मासेमारी करणाऱ्या या समाजाच्या बोली मराठीच्याच. साहजिकच गावातील चर्चच्या शाळाही मराठी माध्यमाच्या निघाल्या. सुवार्ता या मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले आणि उस्मानाबाद येथील २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे शालेय शिक्षण नंदाखाल येथील अशाच मराठी शाळेत झाले. मराठीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकांची जी परंपरा वसईत निर्माण झाली, तिच्यामागे या शाळांचे श्रेय मोठे आहे.

घाटावरचा इतिहास निराळा आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी १८७८ च्या सुमारास कार्य आरंभिले. त्याच्या आगेमागे दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेच्या शाळा तेथे आधीच होत्या. केंदळ, वळण, संगमनेर, राहाता अशा ठिकाणी मिशनची केंद्रे झाली आणि भोवतालच्या खेड्यांतील महारवाड्यांत एकशिक्षकी शाळा उघडल्या. तेथील शिक्षकच धर्मोपदेशकही असे. गावकरी त्याला नुसते ‘मास्तर’ म्हणत. दिवसा मुलांना अंकलिपी, रात्री मोठ्यांना प्रार्थना, मधल्या वेळात कोणाचे पत्र वाचणे, कोणाचा अर्ज लिहिणे, अशी त्याची कामे. ज्या वस्तीतील मुलांना गावच्या शाळेत ओसरीवर बसावे लागे, तिच्यात दारापर्यंत शाळा येणे ही घटनाच एक मूल्यशिक्षण होती. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना देश सोडावा लागला, तेव्हा या विखुरलेल्या शाळा टिकल्या त्याही बऱ्याच अंशी मास्तरांमुळे. मिशनच्या इतिहासांतून धर्मगुरूंची नावे ठळकपणे आढळतात, मास्तरांची क्वचितच. हा या इतिहासलेखनातील उणेपणा म्हटला पाहिजे.

नासिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा काढण्यात आला. थॉमस भालेराव हे जेझुइट धर्मगुरू त्याचे पहिले बिशप होत. नासिक व अहिल्यानगर यांबरोबर खानदेशातील जिल्हेही या धर्मप्रांतात मोडतात. त्यातील कॅथलिक लोकवस्ती मात्र समप्रमाणात पसरलेली नाही : ती नगर भागातील मिशनच्या जुन्या गावांत आणि नासिक शहर, नासिक रोड व देवळाली या पट्ट्यात अधिक आहे. कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या तालुक्यांच्या ‘कसमादे’ भागात ती अगदी विरळ आहे. कांदा व डाळिंब यांवर चालणाऱ्या, घरी अहिराणीची छटा असलेली मराठी बोलणाऱ्या देवळ्यासारख्या तालुक्यात मुलांचे प्राथमिक शिक्षण प्रामुख्याने जिल्हा परिषदेच्या व स्थानिक संस्थांच्या शाळांत होते. अशा भागात चर्चशी निगडित शाळा म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे ‘कॉन्व्हेंट’ येते, म्हणजे शिस्त, गणवेश आणि इंग्रजी. कॉन्व्हेंट या शब्दाचा मूळ अर्थ भगिनींचा मठ. तो इतका मागे पडला आहे, की चर्चशी कसलाही संबंध नसलेल्या शाळाही आपल्या नावात तो मिरवितात.

शाळेतील जीवन : शाळेचा दिवस इतर शाळांप्रमाणेच परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा व प्रार्थना यांनंतर एखादी लहान गोष्ट किंवा सुविचार असतो. प्रार्थना बहुतेक ठिकाणी सर्वधर्मीयांना म्हणता येईल अशी निवडलेली असते. आईबाप, शिक्षक, आजारी माणसे व पाऊसपाणी यांचा तीत उल्लेख येतो. वर्गात क्रूस किंवा मारियेची तसबीर असते. मुलांच्या नजरेला ती सवयीची होते आणि बिगरख्रिस्ती मुलेही जाता-येता तिच्यापुढे हात जोडतात. वर्गातील कोणी आजारी पडले, तर दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेत त्याचे नाव घेतले जाते. ही प्रथा साधी आहे, पण लहान मुलावर तिचा परिणाम प्रवचनापेक्षा अधिक होतो, असे मानण्यास जागा आहे.

वर्षाचा क्रम दुहेरी असतो. शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि त्यावर चर्चच्या पंचांगाची दुसरी रेघ ओढलेली असते. शाळेच्या आश्रयदात्या संताचा सण, ऑक्टोबरातील जपमाळेची भक्ती, नाताळपूर्वीचा आगमनकाळ, गव्हाणीची सजावट आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येणारा उपवासकाळ असा तो क्रम. उपवासकाळात मुले खाऊचे पैसे बाजूला ठेवून डब्यात टाकतात. ती रक्कम गरजूंना दिली जाते. रक्कम क्षुल्लक असते. तथापि त्यागाचा अर्थ मुलाला येथे हातांनी कळतो. याच आवारात गणपतीची व दिवाळीची सुटी असते, शिवजयंती साजरी होते आणि अनेक शाळांत दिवाळीचा आकाशकंदील व नाताळचा तारा एकाच हस्तकला-तासात तयार होतात. शाळेबाहेरचे उत्सवही मुलांच्या अनुभवाचा भाग होत. नासिक रोड येथील बाळ येशूची यात्रा फेब्रुवारीत व श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावची मतमाउलीची यात्रा सप्टेंबरात भरते. दोन्हींना ख्रिस्तेतर भाविकही मोठ्या संख्येने येतात.

नगर व नासिक जिल्ह्यांतील मिशन केंद्रांना जोडून वसतिगृहे आहेत. लोकांच्या तोंडी त्यांचे नाव ‘बोर्डिंग’. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर घर सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा घरातील मूल बोर्डिंगमध्ये राहिले, तरच त्याचे वर्ष वाया जात नाही. पहाटे उठणे, अंगण झाडणे, भाजी निवडणे, वाफ्यांना पाणी घालणे, संध्याकाळी अभ्यास व निजण्यापूर्वी प्रार्थना, असा तेथील दिनक्रम असतो. श्रमाची विभागणी जात वा घराणे पाहून होत नाही, पाळीप्रमाणे होते. जातीच्या संदर्भात या पाळीपत्रकाचे महत्त्व कोणत्याही धड्याहून कमी नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे : सहा-सात वर्षांच्या मुलाला आईपासून महिनोन्महिने दूर राहावे लागते आणि कितीही मायाळू ‘सिस्टर’ असली, तरी ती शंभर मुलांची सिस्टर असते.

धर्मशिक्षण व नीतिशिक्षण : या दोहोंत काटेकोर भेद केला जातो. धर्मशिक्षण कॅथलिक मुलांपुरतेच असते. ते शाळेच्या वेळेत स्वतंत्र तासाला किंवा रविवारी मिस्सानंतर चर्चमध्ये दिले जाते आणि त्यात प्रार्थना, आज्ञा, संस्कार व बायबलमधील कथा यांचा समावेश होतो. इतर मुलांना त्या वेळी नीतिशिक्षणाचा तास असतो. हा भेद केवळ सोयीचा नाही. भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार शासनाचे अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणासही त्याच्या, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणास वा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. व्यवहारात सत्य, क्षमा, परोपकार, स्वच्छता व वेळेची शिस्त ही मूल्ये दोन्ही तासांत तीच असतात, त्यांचे अधिष्ठान तेवढे वेगळे. क्षमेचेच उदाहरण घेता येईल. कॅथलिक मूल ती पापनिवेदनाच्या तयारीतून शिकते : आपले चुकले काय ते शोधणे, ते बोलून दाखविणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे आणि शक्य तेथे भरपाई करणे. शेजारच्या बाकावरील मूल हेच भांडणानंतर ‘सॉरी’ म्हणून हात मिळविण्याच्या रिवाजातून शिकते.

या शाळांवरील आक्षेपांत तथ्य नाही असे नाही. शिस्तीचा अतिरेक, आज्ञापालनाला प्रश्न विचारण्याहून अधिक मान आणि एके काळी छडीचा मुक्त वापर यांमुळे अनेकांच्या बालपणीच्या आठवणी कडवट झाल्या आहेत. परिपाठातील क्षमा आणि वर्गातील शिक्षा यांतील विसंगती मुलांच्या चटकन लक्षात येते. शहरांतील नामवंत शाळा सुखवस्तू वर्गाच्या झाल्या व गरिबांची सेवा हे मूळ उद्दिष्ट खेड्यांतील शाळांकडे राहिले, ही टीका चर्चमधूनही झालेली आहे.

नगर भागात मूल्यांचा प्रश्न शाळेच्या दाखल्यापाशी सर्वांत तीव्र होतो. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता; १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. महाराष्ट्रात धर्मांतरित ख्रिस्ती कुटुंबांना इतर मागासवर्गांतील सवलती मिळतात. एकाच वस्तीतील, एकाच बाकावरील दोन मुलांपैकी एकाला शिष्यवृत्ती अधिक व दुसऱ्याला कमी, अशी स्थिती त्यामुळे येते. प्रवेशाच्या वेळी धर्माच्या रकान्यात काय लिहावे, हा पालकांपुढील पेच होय. खरे बोलावे असे शिकविणाऱ्या शाळेच्याच नोंदवहीत तो उभा राहतो.

कायदा व भाषा : धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने दिला आहे. या विषयातील एक आरंभीचा महत्त्वाचा खटला नासिक जिल्ह्यातला आहे. ६ जानेवारी १९५४ च्या मुंबई शासनाच्या आदेशाने इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन व आशियाबाहेरील वंशाच्या मुलांखेरीज इतरांना प्रवेश देण्यास मनाई झाली. देवळालीची बार्न्स शाळा चालविणाऱ्या बाँबे एज्युकेशन सोसायटीने, आणि प्रवेश नाकारल्या गेलेल्या मुलांच्या पालकांनी, त्याविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात तो आदेश रद्द ठरविला. ही संस्था कॅथलिक नसून अँग्लिकन परंपरेतील आहे, पण निर्णयाचा लाभ सर्वच ख्रिस्ती शाळांना झाला. मुलांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी दिला. त्याविषयी शंका व्यक्त करून सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

माध्यमाचा प्रश्न कायद्याने सुटलेला नाही. गोव्यात १९९० च्या सुमारास शासनाने प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांच्या माध्यमापुरते मर्यादित केले, तेव्हा धर्मप्रांताच्या शाळांनी इंग्रजी सोडून देवनागरी कोकणी स्वीकारली. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमासही अनुदान खुले झाले आणि त्यांपैकी बहुतेक शाळा पालकांच्या आग्रहामुळे इंग्रजीकडे परतल्या. वसईत असे धोरणात्मक वळण आले नाही. तेथे बदल घरोघरी झाला. चर्चच्या मराठी प्राथमिक वर्गांतील पट रोडावत गेला व शेजारच्या इमारतीत इंग्रजी तुकड्या वाढल्या. १९६० नंतरच्या दशकात लॅटिनऐवजी मराठीत सुरू झालेली मिस्सा मात्र गावांत मराठीतच चालू आहे. त्यामुळे इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांना पहिल्या कम्युनियनच्या तयारीसाठी देवनागरीतील प्रार्थना रविवारच्या वर्गात शिक्षकामागोमाग म्हणून तोंडपाठ कराव्या लागतात.