पहिला अंक, आणि बहुधा शेवटचा

शिरूर आणि दौंड इथल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हिमतीवर काढलेले अंक मी काही वर्षे शोधतो आहे. हाती लागले ते फार थोडे. एका निवृत्त शिक्षकांच्या ट्रंकेत सायक्लोस्टाइल केलेला एक अंक मिळाला. शेवटच्या पानावर पुढील अंकासाठी साहित्य मागवले होते. तो पुढचा अंक निघालाच नाही.

हे अंक म्हणजे महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिक नव्हे. वार्षिकाला विद्यार्थ्यांच्या शुल्काचा आधार असतो, प्राध्यापकांचे संपादक मंडळ असते, विद्यापीठाची स्पर्धाही असते. म्हणून ते टिकते. पण एसटीचा पास, अडलेली शिष्यवृत्ती किंवा गावातली जात यांवर मनापासून लिहायचे असेल, तर विद्यार्थी आधी भित्तिपत्रकाकडे वळतो आणि तिथेही कागद उतरवला गेला की स्वतःचा अंक काढतो.

या वाटेला मराठीत मोठी परंपरा आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी मुंबईत 'शब्द' हे चक्रमुद्रित अनियतकालिक काढले. १९३८ साली जन्मलेले चित्रे तेव्हा विशीच्याही आतले होते. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे 'असो' आले. यांतले कोणतेच दीर्घायुषी ठरले नाही, तरी साठोत्तरी साहित्याचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही.

'अनियतकालिक' हा शब्द मला बंडखोरीइतकाच सोयीचाही वाटतो. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्यात सायक्लोस्टाइल हेही 'मुद्रण'च होते; बातम्या किंवा त्यांवरचे भाष्य छापणारे नियतकालिक काढायचे तर दंडाधिकाऱ्यांपुढे घोषणापत्र करणे आले. टपालाची वृत्तपत्री सवलत हवी, तर दोन अंकांत ३१ दिवसांहून अधिक अंतर चालत नसे. वर्गणी जमेल तेव्हा कागद आणणाऱ्या पोरांना हे कुठून जमावे?

खरे कारण मात्र विद्यार्थिदशेतच आहे. पदवीची वर्षे तीन. पहिले ओळखी होण्यात जाते, दुसऱ्यात अंक निघतो, तिसऱ्यात परीक्षा डोक्यावर येते. संपादकाबरोबर वर्गणीदारांची वहीही गावी जाते. इथे त्यात प्रवासाची भर पडते. शिरूरला रेल्वे नाही. न्हावऱ्याकडून किंवा घोडकाठच्या गावांतून येणारा विद्यार्थी एसटीच्या वेळेला बांधलेला. दौंड मोठे जंक्शन, पण तिथला विद्यार्थी पुण्याला शिकायला गेला तरी मन गाडीच्या वेळेवरच. शहरात वसतिगृहाच्या खोलीत रात्री अंक जुळतात. इथे तास सुटला की पांगापांग.

जिथे शिक्षक पाठीशी राहिला तिथे चित्र पालटले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले 'अस्मिता' पुढे 'अस्मितादर्श' झाले आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते दशकानुदशके चालवले. विद्यार्थी येत-जात राहिले, संपादक जागेवर होता.

अंक बंद पडण्याचे मला दुःख नाही. त्याने आपले काम केलेले असते. दुःख आहे ते तो नाहीसा होण्याचे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते, पण पिना मारलेली बारा पाने कोण पाठवणार? दाखल नोंदवहीत त्यांना क्रमांकही मिळत नाही. मग आमच्या तालुक्यांत शिकलेल्या पहिल्या पिढीने विसाव्या वर्षी काय विचार केला, याचा लेखी पुरावा उरतो तो फक्त घरांत.

आणि घरांतून तो दिवाळीच्या साफसफाईत जातो. हे मी अनुभवाने सांगतो. आम्ही मित्रांनी काढलेल्या दोन अंकांच्या उरलेल्या प्रती मीच एका दिवाळीआधी रद्दीवाल्याला दिल्या. किलोने.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा माळा झाडून झाला असेल. रद्दी अजून दाराशी असेल, तर एकदा चाळून पाहा. असा एखादा अंक सापडला, तर पानांचे फोटो काढा, त्यावर साल आणि गाव लिहा, आणि प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे नेऊन द्या.