शेल्सली वॉल्श चढशर्यत

शेल्सली वॉल्श चढशर्यत ही इंग्लंडमधील वूस्टरशायर परगण्यात, टीम नदीच्या खोऱ्यातील शेल्सली वॉल्श या खेड्यालगत भरणारी मोटारगाड्यांची स्पर्धा आहे. या क्रीडाप्रकारास 'हिल क्लाइंब' असे म्हणतात. पहिली स्पर्धा १२ ऑगस्ट १९०५ रोजी झाली. दोन महायुद्धांच्या काळातील खंड वगळता ती तेव्हापासून त्याच टेकडीवर आणि जवळजवळ त्याच मार्गावर भरत आली आहे. त्यामुळे मूळ मार्गावर आजही वापरात असलेले जगातील सर्वांत जुने मोटारक्रीडास्थळ म्हणून शेल्सली वॉल्शची ओळख आहे. स्पर्धेचे आयोजन १९०१ मध्ये स्थापन झालेला मिडलँड ऑटोमोबाइल क्लब करतो.

स्वरूप

चढशर्यतीत गाड्या एकमेकींच्या बरोबरीने धावत नाहीत. प्रत्येक गाडी थांबलेल्या स्थितीतून एकटीच सुटते, डोंगरचढाचा ठरावीक मार्ग पार करते आणि तिला लागलेला वेळ नोंदविला जातो. चालकाचा सामना समोरच्या प्रतिस्पर्ध्याशी नसून घड्याळाशी असतो. मार्ग अतिशय छोटा असल्यामुळे एखादी चूक भरून काढण्यास पुढे वाव उरत नाही. सुटताना चाके जरा अधिक घसरली किंवा वळणावर ब्रेक क्षणभर लवकर लावला गेला, तरी त्याचा परिणाम अंतिम वेळेत स्पष्ट दिसतो. वेळेची नोंद सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत करतात आणि पुष्कळदा क्रम तेवढ्याच फरकाने ठरतो.

मार्ग

मार्गाची लांबी १,००० यार्ड, म्हणजे सुमारे ९१४ मीटर आहे. एवढ्या अंतरात रस्ता ३२८ फूट (सुमारे १०० मीटर) वर चढतो. सरासरी चढ ९.१४ फुटांस १ फूट, तर सर्वांत तीव्र ठिकाणी ६.२४ फुटांस १ फूट असा आहे. १९०५ मध्ये लांबी ९९२ यार्ड होती. १९०७ मध्ये ती १,००० यार्ड करण्यात आली. त्यानंतर मार्गाची आखणी मूलतः बदललेली नाही. रस्ता अरुंद असून त्याच्या एका बाजूस उंच बांध आणि झाडी आहे.

प्रारंभरेषाच चढावर आहे. तेथून गाडी 'केनेल' आणि 'क्रॉसिंग' ही वेगाने घेण्याची वळणे ओलांडून 'एसेस' या जोडवळणाकडे येते. इंग्रजी एस अक्षराच्या आकाराच्या या भागात एकापाठोपाठ एक अशी दोन विरुद्ध दिशांची वळणे आहेत. संपूर्ण मार्गावर जोराने ब्रेक लावावा लागतो तो मुख्यतः येथेच. त्यानंतर शेवटचा सरळ टप्पा येतो. आधुनिक शर्यती गाड्या तो ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने पार करतात.

इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी डोंगरचढ ही मोटारगाडीची खरी कसोटी मानली जाई. इंजिने अशक्त होती, आणि सपाटीवर बरी चालणारी गाडी चढावर प्रवाशांना उतरवून ढकलावी लागण्याची शक्यता असे. मिडलँड क्लबाच्या सुरुवातीच्या स्पर्धा सार्वजनिक रस्त्यांवर होत. तेथे वाहतुकीचा अडथळा आणि वेगमर्यादेचा कायदा या दोन्ही अडचणी होत्या. म्हणून क्लबाने खासगी जागेचा शोध घेतला आणि शेल्सली वॉल्श येथील शेतजमिनीतून वर जाणारी वाट स्पर्धेसाठी सुधारून घेतली. १९०५ च्या पहिल्या स्पर्धेत अर्नेस्ट इन्स्टोन यांनी ३५ अश्वशक्तीच्या डेमलर गाडीतून ७७.६ सेकंद ही सर्वोत्तम वेळ दिली. हा सरासरी वेग ताशी सुमारे ४२ किलोमीटर होतो. १९१३ मध्ये जोसेफ हिगिन्सन यांनी व्हॉक्सहॉल गाडीतून ५५.२ सेकंदांचा विक्रम केला. लगेचच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि स्पर्धा थांबल्या. त्या १९२० मध्ये पुन्हा भरू लागल्या.

खासगी जमिनीच्या निवडीचे महत्त्व १९२५ मध्ये दिसून आले. त्या वर्षी २८ मार्च रोजी बकिंगहॅमशायरमधील कॉप हिल येथे सार्वजनिक रस्त्यावर चाललेल्या स्पर्धेत एक गाडी घसरून प्रेक्षकांत शिरली व एका प्रेक्षकाचा पाय मोडला. त्यानंतर रॉयल ऑटोमोबाइल क्लबाने ब्रिटनच्या सार्वजनिक रस्त्यांवरील वेगस्पर्धांना परवाने देणे बंद केले. देशातील अनेक जुन्या चढशर्यती त्यामुळे संपुष्टात आल्या. शेल्सली वॉल्शचा मार्ग सार्वजनिक रस्ता नव्हता. त्यामुळे ही स्पर्धा टिकली आणि देशातील प्रमुख चढशर्यत ठरली.

१९२० च्या दशकात बॅसिल डॅव्हेनपोर्ट यांनी 'स्पायडर' या हलक्या, घरगुती पद्धतीने घडविलेल्या गाडीतून येथील विक्रम अनेकदा मोडला. १९३० मध्ये हान्स श्टुक यांनी ऑस्ट्रो-डेमलरमधून ४२.८ सेकंदांची वेळ दिली. युरोपातील डोंगरी घाटांच्या लांब शर्यतींत मुरलेल्या या चालकाने इंग्लिश प्रेक्षकांना एका नव्या वेगाची ओळख करून दिली. १९३६ मध्ये ते ऑटो युनियनची बलाढ्य ग्रां प्री गाडी घेऊन पुन्हा आले. मात्र त्या दिवशी पाऊस होता. ओल्या, अरुंद रस्त्यावर त्या गाडीची प्रचंड शक्ती निरुपयोगी ठरली आणि त्यांना स्वतःची जुनी वेळही गाठता आली नाही. केवळ अश्वशक्तीच्या जोरावर ही टेकडी जिंकता येत नाही, याचे उदाहरण म्हणून ही घटना आजही सांगितली जाते. त्या काळातील येथील सर्वांत यशस्वी चालक रेमंड मेझ होते. १९४७ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश चढशर्यत अजिंक्यपदाचे पहिले मानकरीही तेच ठरले.

तंत्रज्ञानातील प्रयोग

चढशर्यतीसाठीची गाडी लांब पल्ल्यात टिकण्याची गरज नसते. ती अर्ध्या-एक मिनिटासाठी पूर्ण शक्तीने चालली की पुरे. त्यामुळे मर्यादित खर्चात धाडसी प्रयोग करण्यास येथे वाव मिळाला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हौशी मंडळींनी जुन्या गाड्यांचे सांगाडे, मोटारसायकलींची इंजिने आणि हाताशी येतील ते सुटे भाग जोडून गाड्या घडविल्या. अशा गाड्यांना 'शेल्सली स्पेशल' हे नावच पडले. जॉन बोल्स्टर यांची दोन जॅप इंजिने बसविलेली 'ब्लडी मेरी' ही त्यांतील प्रसिद्ध गाडी होय. चढावर चाकांची पकड वाढावी म्हणून मागील प्रत्येक बाजूस दोन-दोन चाके लावण्याची युक्तीही त्याच काळात येथे रूढ झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर कूपर कंपनीच्या, इंजिन चालकाच्या मागे असलेल्या लहान व हलक्या गाड्यांनी जुन्या अवजड गाड्यांना मागे टाकले. केन व्हार्टन यांनी १९५१ ते १९५४ अशी सलग चार वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले, त्यात अशा गाड्यांचा मोठा वाटा होता. इंजिन मागे ठेवण्याची हीच रचना पुढे ग्रां प्री शर्यतींत सार्वत्रिक झाली. १९६४ मध्ये पीटर वेस्टबरी यांनी अजिंक्यपद मिळविताना फर्ग्युसनची चारही चाकांना शक्ती देणारी गाडी वापरली. अलीकडच्या गाड्यांत हलका सांगाडा, मऊ रबराचे गुळगुळीत टायर आणि हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटवून ठेवणारे पंख असतात. येथील विक्रमी वेळ आता २३ सेकंदांच्या खाली आली आहे, म्हणजे सरासरी वेग ताशी १४० किलोमीटरहून अधिक आहे.

स्पर्धेचा दिवस

सकाळी स्पर्धेपूर्वी अनेक चालक संपूर्ण मार्ग पायी चढून पाहतात. झाडांच्या सावलीत रस्ता कोठे ओला राहिला आहे, पाने कोठे पडली आहेत, हे गाडीतून समजत नाही. गाडी, शिरस्त्राण, सुरक्षापट्टे आणि अग्निरोधक पोशाख यांची तपासणी झाल्याखेरीज कोणासही मार्गावर सोडत नाहीत.

गाड्या उभ्या करण्याच्या आवारास पॅडॉक म्हणतात. शेल्सली वॉल्श येथे प्रेक्षकांना पॅडॉकमध्ये मोकळेपणाने हिंडता येते. चालक स्वतःच इंजिन उघडून बसलेला असतो आणि विचारणाऱ्यास माहितीही देतो. मोठ्या शर्यतींत कुंपणाबाहेरून पाहाव्या लागणाऱ्या गाड्या येथे हाताच्या अंतरावर दिसतात. क्रीडागाड्यांचे हौशी मालकही आपापल्या गाड्या घेऊन गटागटाने येथे येतात. मॉर्गन या प्रसिद्ध क्रीडागाड्यांचा कारखाना याच परगण्यातील मॉल्व्हर्न येथे आहे.

इंजिनाची क्षमता आणि गाडीतील फेरबदल यांनुसार स्पर्धकांचे वर्ग पाडलेले असतात. रोजच्या वापरातील गाडीपासून खास शर्यतीसाठी बांधलेल्या एकआसनी गाडीपर्यंत सर्व प्रकार एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर धावतात. एकच गाडी दोघांनी आळीपाळीने चालविण्यास मुभा असते. त्यामुळे पती-पत्नी किंवा पालक व अपत्य एकाच गाडीतून परस्परांविरुद्ध उतरल्याचेही आढळते.

गाडी रेषेवर आली की ती मागे घरंगळू नये म्हणून कार्यकर्ता मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा लावतो. हिरवा दिवा लागल्यावर चालक आपल्या सोयीने सुटतो. गाडीने प्रकाशकिरण तोडला की घड्याळ सुरू होते. पहिल्या ६४ फुटांची वेळ स्वतंत्रपणे मोजली जाते, त्यावरून सुरुवात कशी झाली ते कळते. वर पोहोचलेल्या गाड्या माथ्यावर थांबतात आणि नंतर त्याच रस्त्याने ओळीने खाली आणल्या जातात. स्पर्धकाला सामान्यतः दोन सराव फेऱ्या आणि दोन स्पर्धात्मक फेऱ्या मिळतात. म्हणजे दिवसभराच्या खटाटोपात प्रत्यक्ष शर्यत फार तर दोन मिनिटांची असते. ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेत सर्वांत वेगवान बारा चालकांची अंतिम फेरी होते व पहिल्या दहा जणांना १० ते १ असे गुण दिले जातात.

महत्त्व

शेल्सली वॉल्शबरोबरच्या काळातील अनेक मोटारक्रीडास्थळे आज उरलेली नाहीत. १९०७ मध्ये सुरू झालेल्या ब्रुकलँड्स या प्रख्यात धावपट्टीवर १९३९ नंतर शर्यत झाली नाही. शेल्सली वॉल्श टिकण्यामागे खासगी जमीन, छोटा मार्ग, मर्यादित खर्च आणि क्लबाच्या सभासदांचे व स्वयंसेवकांचे श्रम ही प्रमुख कारणे आहेत. मार्गरक्षकांचे काम प्रामुख्याने विनावेतन स्वयंसेवक करतात.

मार्ग न बदलल्यामुळे येथील वेळांची नोंद हा मोटारगाडीच्या विकासाचा सलग आलेख ठरतो. इतर ठिकाणी मार्गाची लांबी व वळणे बदलत गेल्याने जुन्या-नव्या विक्रमांची तुलना अवघड होते. येथे मात्र १९०७ पासूनच्या कोणत्याही दोन वेळा शेजारी ठेवून पाहता येतात. रस्त्याचा पृष्ठभाग सुधारला असला, तरी अंतर आणि चढ तेच आहेत. शिवाय ज्या रेषेवरून राष्ट्रीय विजेता सुटतो, त्याच रेषेवरून आपली साधी गाडी घेऊन आलेला नवखा हौशी चालकही सुटतो आणि दोघांच्या वेळा एकाच नोंदवहीत लिहिल्या जातात.