मुक्त संहिता आणि आपला मोबाइल

अँड्रॉइड ही मुक्तस्रोत प्रणाली आहे असे कळताच, तिची अंतर्रचना सर्वांना खुली असल्याने कोणीही आपल्या मोबाइलमध्ये शिरून फेरफार करू शकेल, असा पुष्कळांचा समज होतो. तो स्वाभाविक असला तरी यथार्थ नाही. ज्या प्रणालीची मूळ संहिता (प्रोग्रामरांनी लिहिलेल्या आज्ञांचा मजकूर) वाचण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा परवान्यानेच सर्वांना दिलेली असते, ती मुक्तस्रोत प्रणाली होय. पुरणपोळीची कृती छापून आली, तर शेजारीण स्वतःच्या पुरणात जायफळाऐवजी सुंठ घालील. पण आपल्या चुलीवरच्या पातेल्याला तिचा हात लागत नाही.

गुगलने २००५ साली अँड्रॉइड कंपनी विकत घेतली, २००७ मध्ये अनेक कंपन्यांच्या संघामार्फत ही प्रणाली जाहीर झाली आणि २००८ मध्ये तिच्यावर चालणारा पहिला फोन बाजारात आला. लिनक्सच्या कर्नलवर (यंत्रसामग्रीचा कारभार पाहणारा गाभा) उभारलेली ही संहिता विनाशुल्क उपलब्ध असल्याने, स्वतःची प्रणाली घडविण्याचा खर्च वाचलेल्या निर्मात्यांनी स्वस्त आणि महाग अशा सर्व फोनांतून तिचा प्रसार केला. प्ले स्टोअर, नकाशे इत्यादी गुगलची ॲप्स मात्र मुक्त संहितेत येत नाहीत. त्यांसाठी स्वतंत्र करारनामा लागतो.

संहिता खुली असली तरी फोनमध्ये प्रत्येक ॲप वेगळ्या कप्प्यात बंदिस्त असते, आणि निर्मात्याच्या डिजिटल स्वाक्षरीवाचून प्रणालीचे अपडेट सहसा स्वीकारले जात नाही. तेव्हा संहिता खुली असल्याची धास्ती न बाळगता, निर्मात्याकडून येणारे सुरक्षा अपडेट वाचकांनी वेळच्या वेळी घ्यावे.