घरघरणारी सीडी

माझी एक शिक्षिका मैत्रीण शाळेतला जुना लॅपटॉप घेऊन आली. सीडी घातली की दहाएक सेकंदांत पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू व्हायची. त्या सीडीवर मुलांनी केलेल्या प्रकल्पांचे फोटो होते, आणि ते दुसरीकडे कुठेच नव्हते.

जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणाऱ्या वस्तू तीन : पंखा, हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह. म्हणून आधी सीडी बाहेर काढली. आवाज थांबला. मग दुसरी सीडी घातली. नुसती मंद सळसळ! म्हणजे ड्राइव्ह ठीक होता. दोष त्या एका सीडीत होता.

सीडी उलटून पाहिली, तर वरच्या बाजूला एका कडेला शाळेचे नाव लिहिलेली कागदाची चिठ्ठी डकवलेली. पाच सेंटिमीटर लांब, अडीच रुंद. वजन जेमतेम 0.1 ग्रॅम. एवढ्याशा कागदाने काय होणार, असे वाटेल. पण गणित करून पाहा. लॅपटॉपमधला 24 एक्स ड्राइव्ह पूर्ण वेगात मिनिटाला सुमारे 5000 फेरे घेतो. चिठ्ठी केंद्रापासून 4 सेंटिमीटरवर आहे असे धरा. तिला वर्तुळात फिरवत ठेवायला लागणारे अभिकेंद्री बल (वस्तुमान × कोनीय वेगाचा वर्ग × त्रिज्या) सुमारे 1.1 न्यूटन येते. म्हणजे 110 ग्रॅम वजनाएवढी ओढ, आणि तिची दिशा सेकंदाला 83 वेळा गोल फिरणारी! अख्खी सीडी भरते सुमारे 15 ग्रॅम. ड्राइव्ह थरथरणार नाही तर काय?

सीडीवरच्या नागमोडी माळेच्या लगतच्या दोन वेढ्यांत अंतर असते 1.6 मायक्रोमीटर. थरथरीत लेसरचा नेम चुकतो, ड्राइव्ह वेग कमी करून पुन्हा वाचतो, जमले की परत वेग वाढवतो. आवाज चढतो-उतरतो तो यामुळे.

"मग चिठ्ठी काढून टाकते," म्हणून मैत्रिणीने नख लावले. मी तिचा हातच धरला. सीडीची जाडी 1.2 मिलिमीटर असली तरी माहितीचा चकचकीत थर चिठ्ठीच्याच बाजूला, पातळ लाखेखाली असतो. चिठ्ठीबरोबर तोही सोलून येतो, आणि मग फोटो कायमचे गेले.

उपाय सूत्रातच आहे. बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग सहाव्या हिश्श्यावर आणला तर बल छत्तिसाव्या हिश्श्यावर, म्हणजे जेमतेम 3 ग्रॅम वजनाएवढे. ड्राइव्हचा वेग ठरवून देणारी छोटी सॉफ्टवेअर मिळतात. लिनक्समध्ये एका आज्ञेत काम होते. (घरच्या साध्या सीडी प्लेअरमध्ये मिनिटाला 200 ते 500 फेरेच होतात. म्हणून चिठ्ठी लावलेली गाण्यांची सीडी तिथे मुकाट वाजते.)

सीडी काढूनही आवाज राहिला असता, तर मी वेगळे वागलो असतो. सलग घुंघुं बहुधा पंख्यातल्या धुळीची. पण 'टक्... टक्' असा ठोका हार्ड डिस्कचा असेल, तर प्रयोग करत बसू नये. तिची वाचणारी टोके तबकडीपासून काही नॅनोमीटरवरच तरंगतात. लगेच महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्याव्यात आणि डिस्क उघडून मुळीच पाहू नये.

आम्ही वेग 4 एक्सवर आणला. घरघर गेली, आणि चहा होईपर्यंत सगळे फोटो पेनड्राइव्हवर उतरले. चिठ्ठी अजून सीडीवर आहे.