आधी तराजू, मग मापयंत्र

काडतुसात भरायची दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. इंग्रजी अमदानीतला तोळा 180 ग्रेनचा होता. 9 मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसाला साधारण चार ते सहा ग्रेन दारू लागते. तिथे अर्ध्या ग्रेनची चूक दहा टक्क्यांच्या आसपास जाते.

आपल्याकडे 1959च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. अमेरिकेत मात्र स्वतःपुरती काडतुसं भरणं हा जुना छंद आहे. टेक्सासमध्ये आमचे एक शेजारी निवृत्तीनंतर यातच रमले आहेत. त्यांच्या गॅरेजमधल्या बाकावर मापाची तीन साधनं शेजारी शेजारी आहेत, आणि तिन्हींची कामं वेगळी.

पहिलं मापयंत्र. वर हॉपर, खाली फिरणारा दंडगोल आणि त्यात स्क्रूने लहानमोठी होणारी पोकळी. दांडा एकीकडे नेला की पोकळी भरते, उलटा फिरवला की दारू नळीतून काडतुसाच्या टरफलात पडते. हे यंत्र वजन करत नाही, आकारमान मोजतं. म्हणून सगळं दाण्यावर ठरतं. गोल दाण्यांची दारू राजगिऱ्यासारखी सरसर वाहते, माप दरवेळी जवळपास सारखं येतं. रायफलीसाठी वापरतात त्या दारूचे दाणे बऱ्याचदा काडीसारखे लांबट. ते पोकळीच्या कडेला अडकतात, दांडा मध्येच जड लागतो आणि दाणा कट्‌कन तुटतो. अशा वेळी माप कमीजास्त होतं.

तिथे बाकीची दोन साधनं, ट्रिकलर आणि तराजू, कामाला येतात. शेजारी यंत्रातून मुद्दाम थोडी कमी दारू तराजूच्या पारड्यात घेतात आणि ट्रिकलरची घुंडी चिमटीत धरून हळूहळू फिरवतात. दाणे एकेक करून पडत जातात, दांडीचा काटा वर सरकतो, चुंबक त्याचं हेलकावणं आवरतो. ते मान खाली घालून काटा डोळ्याच्या रेषेत आणतात. वरून पाहिलं तर चुकीचं दिसतं. एसी त्याआधीच बंद केलेला असतो, कारण वाऱ्याच्या झुळकीनेही दांडी हलते. इलेक्ट्रॉनिक काटा झटपट वजन दाखवतो, पण तापायला वेळ घेतो आणि शून्यावरून सरकतो. प्रमाणित वजनं ठेवून तो अधूनमधून तपासावाच लागतो.

एवढं करूनही एक चूक कुठलंच साधन पकडत नाही. एकाच टरफलात दोनदा दारू पडली, तर प्रत्येक माप अचूकच असतं. पिस्तुलाच्या टरफलात दुप्पट दारू बऱ्याचदा मावते आणि बंदूक फुटू शकते. त्यासाठी भरलेली टरफलं खाचांच्या फळीत ओळीने उभी करून, गोळी बसवण्याआधी प्रत्येकात टॉर्च मारून पातळी बघतात.

नवशिक्याने खरेदी कुठून सुरू करावी? शेजाऱ्यांचा सल्ला ठाम आहे: आधी चांगला तराजू आणि प्रमाणित वजनं. मापाच्या स्वस्त पळ्यांनीही काम चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. मापयंत्र वेळ वाचवतं. पण ते बरोबर माप देतंय की नाही, हे तराजूशिवाय कळणारच नाही.