आधी पाणी, मग तट: नळदुर्गच्या जतनाविषयीचे काही गैरसमज

नळदुर्गच्या किल्ल्याच्या जतनाची चर्चा निघाली, की ती बहुधा ढासळलेल्या तटापासून सुरू होते आणि तो तट पूर्वीसारखा उभा राहावा या अपेक्षेपाशी येऊन थांबते. या अपेक्षेमागची आस्था खरी आहे; परंतु जतन म्हणजे पडलेले पुन्हा बांधणे, हा समज या विषयातील सर्वांत नुकसानकारक गैरसमज ठरतो. जतन म्हणजे जे उभे आहे त्याचा ऱ्हास शक्य तितका लांबवणे, आणि पुनर्बांधणी म्हणजे जे उरलेले नाही ते नव्याने रचणे. या दोन क्रिया शास्त्राने कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या आहेत. स्मारकांच्या जतनाची तत्त्वे मांडणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेने तर पुरावा संपून अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असा दंडकच घातला. जीर्णोद्धार हे पुण्यकर्म मानण्याची आपली परंपरा मोठी आहे आणि जेथे पूजाअर्चा चालू आहे अशा देवळाच्या बाबतीत तिला आजही अर्थ आहे. मात्र ज्या किल्ल्याचे लष्करी काम संपले, त्याची मूळ चिरेबंदी हाच त्याच्या इतिहासाचा दस्तऐवज असतो, आणि दस्तऐवजाची गहाळ पाने कल्पनेने लिहिली तर शिल्लक पानांवरचाही विश्वास उडतो.

दुसरा गैरसमज प्राधान्यक्रमाविषयीचा आहे. जे अधिक जुने, अधिक उंच किंवा महाद्वारातून आत येणाऱ्याला आधी दिसणारे, त्याची दुरुस्ती आधी, असा क्रम सहज लावला जातो. वास्तविक हा क्रम दोन कसोट्यांवर लावावा लागतो: त्या भागाचे महत्त्व काय, आणि त्याला असलेला धोका किती निकट आहे. महत्त्व आधी शब्दांत मांडावे आणि मगच कामाचा निर्णय घ्यावा, ही पद्धत ऑस्ट्रेलियातील बरा या गावी 1979 मध्ये स्वीकारलेल्या बरा सनदेने रूढ केली. महत्त्व म्हणजे केवळ प्राचीनता नव्हे. नळदुर्गात बहमनी, आदिलशाही, मोगल आणि निजामी राजवटींचे थर आहेत, आणि 1853 मध्ये हा मुलूख काही वर्षांसाठी इंग्रजांकडे गेल्यावर मेडोज टेलर हा अधिकारी येथूनच कारभार पाहत होता. यांपैकी एकच थर खरा मानून बाकीचे उपरे ठरवले, तर किल्ल्याचा इतिहास किल्ल्यातच पुसला जातो.

या दोन्ही कसोट्या लावल्या असता नळदुर्गात सर्वप्रथम लक्ष जाते ते उपळी बुरुजाकडे किंवा महाद्वाराकडे नव्हे, तर बोरी नदीवरच्या बंधाऱ्याकडे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 17 व्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा दगडी बंधारा मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांना जोडतो, आणि त्याच्याच पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून नदी कोसळत असतानाही आतल्या माणसाला कोरडे राहता यावे, अशी ही रचना आहे. पाहणाऱ्याला ती चमत्कारासारखी वाटते, परंतु तिचा आधार आहे तो सांध्यांच्या चोख चुनाकामाचा आणि पाण्याला ठरावीक वाटेनेच जाऊ देणाऱ्या बांधणीचा. बंधाऱ्यातील एखादा चिरा निखळला, तर त्या फटीतून वाहणारे पाणी भरावातील चुना व बारीक खडी दर पावसाळ्यात थोडी थोडी धुऊन नेते. वरून काहीही दिसत नाही आणि आत पोकळी वाढत राहते. कोरड्या माळावरच्या तटाचा एखादा दगड दहा वर्षे हलत राहिला तरी फारसे बिघडत नाही. बंधाऱ्यातल्या दगडाला इतकी मुदत मिळत नाही. नदीवर वरच्या बाजूला आता धरण आहे आणि ते भरून वाहू लागले की येथील सांडवे जोमाने वाहतात. म्हणजे या वास्तूला पोहोचणाऱ्या पाण्याचे वेळापत्रकही आता केवळ पावसाच्या हाती राहिलेले नाही. त्यामुळे पुरातत्त्व आणि पाटबंधारे या दोन खात्यांनी पावसाळ्यापूर्वी एकत्र बसून पाहणी करणे हे येथे जतनाचेच काम ठरते, मग त्याचे छायाचित्र काढण्याजोगे काही घडो वा न घडो.

सिमेंट चुन्यापेक्षा मजबूत, म्हणून दुरुस्तीला तेच चांगले, हा समजही फार पसरलेला आहे. सिमेंट कठीण असते हे खरे. अडचण त्या कठीणपणातच आहे. जुन्या तटाच्या दोन्ही बाजूंना घडीव काळ्या दगडाच्या भिंती असतात आणि मध्ये दगडगोटे, चुना व माती यांची भर असते. या भरात मुरलेले पाणी चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर पडून वाळते. सांधे वरून सिमेंटने लिंपले, की ही वाट बंद होते, पाणी आतच साठते, भर फुगते आणि अखेर बाहेरची भिंत पोट काढू लागते. चुना दगडापेक्षा मऊ असल्याने आधी झिजतो तो सांधा, आणि सांधा पुन्हा भरता येतो; चिरा पुन्हा घडवता येत नाही.

तटातील झाडांविषयीही असेच म्हणावे लागते. पिंपळ, वड किंवा उंबर मुळासकट ओढून काढले की काम झाले, असे वाटते, परंतु रुजलेले झाड ओढताना मुळांनी धरलेले दगडही सुटतात. रोप कोवळे असतानाच काढावे, आणि झाड वाढलेले असेल तर ते टप्प्याटप्प्याने छाटून, मूळ जागीच मारून, उरलेल्या पोकळीत पातळ चुना ओतावा, हा सावकाश चालणारा मार्गच सुरक्षित असतो.

इतकी शतके टिकलेला किल्ला आणखी टिकेल, या विश्वासाला नळदुर्गच्या जिल्ह्याने तरी थारा देऊ नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने सास्तूरसह या जिल्ह्यातील अनेक गावे उद्ध्वस्त केली. दोन थरांच्या जाड दगडी भिंतींत दोन्ही थरांना आडवे बांधून ठेवणारे दगड नसल्यामुळे ते थर एकमेकांपासून सुटले आणि घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्ल्याच्या तटाची जात घराच्या भिंतीहून भक्कम आहे, पण रचनेचे तत्त्व तेच आहे. म्हणून जेथे बाहेरचा थर सुटू लागला आहे आणि खालून पायवाट जाते, ती जागा सुशोभीकरणाच्या प्रत्येक कामाच्या आधी यावी लागते.

जे दिसत नाही ते वारसा नव्हे, या गैरसमजाचे उत्तर याच जिल्ह्यातील तेर येथे मिळते. तेर म्हणजे ग्रीक लेखकांनी उल्लेखिलेले तगर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडली. तेथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर पाहायला लोक जातात, परंतु सातवाहनकालीन व्यापारी नगराचा पुरावा दडलेला आहे तो पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या टेकाडांत. ही माती घराच्या धाब्यावर पसरण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, आणि खोदताना हाती लागलेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या म्हणूनच आज तेरचे संग्रहालय उभे आहे. पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली मूर्तीही याच गावची. मंदिराची वीट बदलता येते. उचललेल्या पांढरीतील थरांचा क्रम मात्र परत लावता येत नाही, म्हणून तेरमध्ये अग्रक्रम त्या टेकाडांचा आहे.

नळदुर्ग राज्य संरक्षित स्मारक आहे आणि शासनाच्या स्मारक संगोपन योजनेखाली तेथील देखभाल व पर्यटक-सुविधांचे काम खासगी संस्थेला देण्यात आले, यावरून किल्ला आता सांभाळला गेला असा निष्कर्ष काढला जातो. संरक्षित हा कायद्याने दिलेला दर्जा आहे, प्रकृतीचा दाखला नव्हे. बाग, दिवे आणि स्वच्छतागृहे आवश्यक आहेत, कारण त्यांनी माणसे येतात. पण तिकिटाचे उत्पन्न बंधाऱ्याच्या सांध्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही, त्यासाठी तसे लेखी नियोजन लागते. त्या नियोजनाची सुरुवात खर्चापासून नव्हे, नोंदीपासून होते. प्रत्येक भेगेचे त्याच जागेवरून दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी आणि दिवाळीनंतर छायाचित्र घ्यावे आणि भेगेवर आडवी काचपट्टी बसवून तारीख लिहावी. काच तडकली तर भेग वाढते आहे असे समजून ती जागा यादीत वर घ्यावी. काही वर्षे ती शाबूत राहिली, तर त्या भेगेसाठी राखलेला पैसा बंधाऱ्याकडे वळवता येतो.